शेवटच्या वळणावरची चूक

“क्लच हळू सोड. क्लच आहे तो, हाताला चटका देणारं भांडं नव्हे,” मास्तर म्हणाले.

जीप आचका देऊन पुढे सरकली. मागे जोडलेली कॅरॅव्हॅन, म्हणजे दोन खाटा, एक शेगडी आणि फुलाफुलांचे पडदे असलेलं ते चाकांवरचं घर, कुरकुरत तिच्यामागून निघालं.

“चुकलं, सर,” गाडी चालवणारी पोरगी म्हणाली.

“चुकू दे. फक्त तीच चूक दोनदा नको.”

मागच्या सीटवर काकूंनी हसू दाबलं. नवऱ्याचा हा आवाज त्यांनी वर्षभरात ऐकला नव्हता.

मास्तरांनी चौतीस वर्षं लोकांना गाडी शिकवली. गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांचं गाडी चालवणं बंद केलं आणि मास्तर खुर्चीला जे चिकटले, ते चिकटलेच. हौसेनं घेतलेली कॅरॅव्हॅन अंगणात उभी राहिली. चिमण्यांनी तिच्यात संसार थाटला. “ड्रायव्हर ठेवू या,” असं काकू एकदा म्हणाल्या, तर मास्तर म्हणाले, “म्हणजे मी सामान! मग डिकीतच टाका ना मला.”

तेव्हा काकूंनी गुपचूप एक बेत केला. ही पोरगी घाटाच्या पायथ्याशी राहायची आणि घाबरट लोकांच्या कॅरॅव्हॅन आठवड्यातून चारदा वर नेऊन पोचवायची. काकूंनी तिला फोन केला. नवशिकी हो, चुका कर, त्यांना शिकवू दे. फार सफाई दाखवलीस तर मी खोकेन. मास्तरांना सांगितलं, शेजारणीची भाची आहे, बिचारीला घाटाचा सराव हवाय. पोरीचा नंबर त्यांनी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला. मास्तर कॅलेंडरला कधी हात लावत नसत.

त्यांना कळलं तर संपलंच. तो माणूस पुन्हा खुर्चीतून उठायचा नाही, हे काकूंना पक्कं ठाऊक होतं.

काकूंचं स्वतःचं दुखणं वेगळंच. घाटाची त्यांना भारी भीती. लग्नानंतरच्या पहिल्याच प्रवासात दरी बघून त्या गार पडल्या होत्या. तेव्हापासून घाटात तोंडावर शाल ओढूनच बसायच्या. डोंगरावरचं तळं दोघांनी मिळून बघावं ही मास्तरांची जुनी हौस त्यामुळेच राहून गेली होती. मास्तरांनी एका शब्दानं कधी बोलून दाखवलं नाही. आजही शाल मांडीवर तयार होती.

पहिलं वळण आलं. मास्तरांनी तोंड उघडण्याआधीच पोरीनं गिअर उतरवला आणि लांबून, ऐटीत वळण घेतलं.

काकू खोकल्या.

“छान घेतलंस की! कुणी शिकवलं?”

“नशिबानं जमलं, सर.”

“नशिबावर घाट चढत नाहीत. नीट ऐक. मागचं घर आळशी असतं, ते जवळची वाट धरतं. तुझी चाकं वाचली म्हणजे त्याची वाचली असं नाही. मागच्याचा विचार करून पुढच्यानं वळायचं.”

“हे तुम्हाला घरात कधी सुचलं नाही ते,” काकू मागून म्हणाल्या.

“घरात तू पुढे असतेस.”

पोरगी खुदकन हसली आणि पुढचं वळण तिनं मुद्दाम वेंधळेपणानं घेतलं. मास्तरांनी तिला ते शब्दाशब्दानं समजावून दिलं. त्यांची पाठ ताठ झाली होती. मधूनच ते आरसा बोटानं पुसत होते.

समोरून एक ट्रक आला. ट्रकवाल्यानं ऐसपैस हसून सलाम ठोकला. सवयीनं पोरीचाही हात वर गेला. काकूंना असा खोकला आला की डोळ्यांतून पाणी वाहिलं.

“ओळखीचा?” मास्तरांनी विचारलं.

“छे हो. घाटात सगळेच करतात ना असं?”

“करतात, करतात,” मास्तर म्हणाले आणि त्यांनी पाण्याची बाटली मागे दिली. “आज घसा फारच धरलाय तुझा.”

शेवटचं वळण सगळ्यांत उभं. अर्ध्यातच इंजिन गचकन बंद पडलं. कॅरॅव्हॅनच्या वजनानं जीप वीतभर मागे सरकली. काकूंनी पुढच्या सीटची पाठ गच्च धरली. एवढी मोठी चूक ठरली नव्हती! त्या डोळे फाडून आधी पोरीच्या हातांकडे, मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या.

“हँडब्रेक,” मास्तर शांतपणे म्हणाले. “आता श्वास घे. आपली कुठं गाडी चुकतेय? हां, चालू कर. थोडी रेस दे. क्लच सोडत ये. जीप पुढे ओढायला लागली की नाक उचलते. उचललं? मग सोड हँडब्रेक.”

जीप चढली. मागचं घरही निमूट चढलं. मास्तरांचे कान आनंदानं लाल झाले होते.

तळ्याच्या काठाला गाडी लागली. मास्तर चाकांना दगड लावायला उतरले. शीळ घालत होते. खुर्चीत बसून कुणी अशी शीळ घालत नाही.

काकू उतरायला गेल्या आणि त्यांची नजर मांडीवर गेली. शालीची घडी मोडलेलीच नव्हती.

“पोरी, फार उपकार झाले,” त्या कुजबुजल्या. “ह्यांना तीळभरही संशय आला नाही. पण त्या शेवटच्या चुकीनं माझा जीव घेतलास. तेवढी मी नव्हती सांगितली.”

पोरगी गडबडली. तिनं चाकापाशी वाकलेल्या मास्तरांकडे पाहिलं.

“ती सरांनी सांगितली होती, काकू. कॅलेंडरमागे नंबर सापडला म्हणून परवा त्यांचा फोन आला, मला सगळं सांगावंच लागलं. म्हणाले, शेवटच्या वळणावर सगळी दरी उघडी पडते, नेमकी तिथंच गाडी बंद पाड; ती माझा घोर करत बसेल आणि शाल ओढायचं विसरून जाईल.”