फोईची जागा

लाल साडीची चार टोकं चार पोरांनी धरली होती. दिल्लीतल्या मयूर विहारच्या फ्लॅटचा हॉल तो केवढा, त्यात सासरची पंचवीस माणसं. बाळाला साडीत घालून झुलवायचं आणि फोईनं, म्हणजे बाळाच्या आत्यानं, नाव जाहीर करायचं. उल्काला हे फार आवडलं होतं. आपल्याकडेही आत्याच नाव ठेवते की.

"सरला, तुं बेस," सासरे म्हणाले. त्यांना सगळे बापूजी म्हणत. सरलाबेन पदर सावरत पुढे झाल्या.

सरलाबेन म्हणजे उल्काच्या नवऱ्याची, हर्षदची, चुलत बहीण. उल्काला आता सगळी नाती पाठ होती. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत ती एका मासांना, म्हणजे मावशीच्या नवऱ्याला, काका म्हणाली होती आणि घरभर खसखस पिकली होती. तेव्हापासून सासूबाई, बा, रोज दुपारी मेथी निवडता निवडता बोटांच्या पेरांवर तिच्याकडून नावं घोकून घेत. त्रेपन्न नावं. आज एकही चुकवायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, आणि चुकवलं नाहीच.

"कुमुदबेन नहीं आ रहीं?" तिनं सरळ मनानं विचारलं. सासरी तिच्याशी सगळे हिंदीतच बोलत. "सगी फोई तो वो हैं ना?"

हर्षद एकदम पंख्याकडे बघू लागला.

निम्मं घराणं नैरोबीला आणि लंडनला. कुमुदही तिकडेच कुठेतरी असणार, असं उल्का धरून चालली होती. सरलाबेन तिच्या कानाशी लागल्या. कुमुद फरिदाबादला असते. नऊ वर्षांपूर्वी तिनं एका पंजाबी मुलाशी लग्न केलं आणि त्याच दिवशी बापूजींनी तिच्या नावानं आंघोळ केली. तेव्हापासून या घरात तिचं नाव कुणी घेत नाही.

फरिदाबाद म्हणजे दोन बस बदलल्या की आलं. आणि आपण तरी कोण? मुलानं परजातीतली आणली ती घरची लक्ष्मी, मुलगी परजातीत गेली ती मेली. आपल्या मांडीवर मुलगीच आहे, हे तिला जणू आत्ताच कळलं आणि तिनं बाळाला घट्ट धरलं.

"ये नाम तुमको किसने बताया?" बापूजींनी विचारलं. आवाज चढला नव्हता, त्याचीच जास्त भीती वाटली.

कुठल्याशा जुन्या पुस्तकावर वाचलं, असं सांगायचं उल्काच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिच्या आधी बा बोलल्या.

"मैंने."

"कब?"

"रोज," बा म्हणाल्या. "और किसके सामने लेती उसका नाम?"

चाळीस वर्षांच्या संसारात बापूजींना असं उत्तर कधी मिळालं नसावं. ते घड्याळ बघून म्हणाले, "सरला, बेस. मुहूर्त जाय छे."

सरलाबेननी बाळासाठी हात पुढे केले. उल्कानं बाळ दिलं नाही.

"नाम बाद में रखेंगे, बापूजी," ती म्हणाली. "सगी फोई आएँगी तब."

"वो नहीं आएगी."

"तो तब तक ऐसे ही रहने दीजिए."

बापूजींनी जमलेल्या नातेवाइकांकडे बघितलं.

"मतलब मेरे घर में बिना नाम की लड़की रहेगी?"

"पहली तो नहीं होगी," बा म्हणाल्या.