बोटभर कमी

नव्या टीव्ही युनिटचा कप्पा बोटभर बुटका निघाला. नवऱ्याने अॅम्प्लिफायर एकदा सरळ घालून पाहिला, एकदा तिरका करून, मग दातओठ खात ढकलून पाहिला. कप्प्याच्या कडेचा लाकडी रंगाचा टवका उडाला, पण अॅम्प्लिफायर काही आत जाईना.

"माप कुणी घेतलं होतं?" त्याने विचारलं. कुणी घेतलं होतं ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

"मी," बायको म्हणाली.

रविवारची दुपार होती. नवं होम थिएटर ऐकायला नवऱ्याने धाकट्या बहिणीला आणि ऑफिसातल्या एका मित्राला मुद्दाम बोलावलं होतं. पडदे ओढून झाले होते. सोफ्याच्या मधोमध आठ वर्षांची लेक मांडी ठोकून बसली होती.

बायको घरीच शिवणकाम करायची. बारा वर्षांत तिच्या हातचा एकही कपडा मापात चुकला म्हणून परत आला नव्हता. हे टीव्ही युनिट तिनेच शोधून काढलेलं: निमुळते तिरके पाय, काळसर काचेची दारं, वायरी लपवायला मागे भोक, आणि इतकं स्वस्त की तिने दुकानदाराला किंमत दोनदा विचारली. त्यासाठी दोन महिने दुकानं पालथी घातली होती. एकदा, फक्त एकदा, चार माणसांत नवऱ्याने 'छान आणलंस' म्हणावं, एवढीच तिची हाव. हावच म्हणायची, दुसरं काय!

आणि चूक झाली तीही धंद्यातलीच. माणसाचं माप चपला काढून घ्यायचं, हे तिच्या हातात इतकं मुरलेलं की अॅम्प्लिफायरचं माप घेतानाही टेप धडाच्या खालच्या कडेला लागली. खालचे चार रबरी पाय तिच्या खिजगणतीतच आले नाहीत.

तिने ते जसंच्या तसं सांगून टाकलं. मित्र हसला. "मग सोपंच आहे की! पाय स्क्रूवर असतात. चार स्क्रू काढ, दोन मिनिटांचं काम."

"वा रे वा! चूक हिची, आणि पाय काढायचे माझ्या मशीनचे?"

नणंद खो खो हसली.

"मग तात्पुरता वर ठेवू या का?" बायको म्हणाली. "नाहीतर माझं शिवणाचं स्टूल आणते, त्यावर..."

"वरच ठेवायचा तर युनिट कशाला आणलंस? शोभेला?" तो चिडलेला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याला मजा येत होती. "इकडे ये. हात पुढे कर."

तिने हात पुढे केले. चांगला दहा किलोंचा तो डबा त्याने तिच्या हातांवर ठेवला, भिंतीतून निघालेल्या वायरी एकेक करून मागे खोचल्या, आणि तिला खांद्याला धरून टीव्हीशेजारी सरकवलं, कपाट सरकवावं तसं.

"हं. आता बसलं मापात."

"अरे, असं काय करतोस," मित्र म्हणाला. पण उठला नाही. नवऱ्याने वेफर्सचा वाडगा पुढे केला, तो त्याने घेतला.

"वहिनी, हात दुखले तर सांगा हं," नणंद म्हणाली.

पिक्चर सुरू झाला. तिच्या पाठीमागे काचा फुटल्या, कुणीतरी जिना धाडधाड उतरलं. आवाज खरंच सुरेख होता. चित्र मात्र तिला दिसत नव्हतं. दिसत होती समोरची तोंडं, घटकेत निळी, घटकेत लाल होणारी. पहिली पाच मिनिटं ती तोंडं तिच्याकडे बघून हसली, मग बघेनाशी झाली. चेष्टा संपली की 'ठेव आता खाली' म्हणतील, अशी तिची समजूत होती. चेष्टा संपली आणि ती तशीच उभी.

डबा तापायला लागला. खांद्यापासून कोपरापर्यंत कळा येत होत्या. सरळ सोडून द्यावा फरशीवर, असं एकदा मनात आलं. पण मग जे ऐकावं लागलं असतं ते लेकीसमोर नको होतं. त्या खोलीत तिचं म्हणावं असं एकच माणूस होतं. पोरीचा शब्द बाप खाली पडू देत नसे. तिने एकदा नुसतं म्हणावं, 'बाबा, आईला बसू द्या ना,' की सुटका. आई लेकीच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली.

हात बोटभर खाली आले. मागची एक वायर सुटली आणि आवाज बंद पडला.

"झालं!" नवरा म्हणाला.

लेक सोफ्यावरून उतरली आणि आईकडे चालत आली. 'स्टूल आण गं बाळा' हे शब्द अगदी ओठांवर होते.

पोरीने चवड्यांवर उभं राहून मागे हात घातला, चाचपून वायर जागच्या जागी खोचली. हुशारच होती. मग आईच्या कोपरांखाली आपले इवलेसे तळवे लावून तिने ती अलगद वर उचलली, मघाशी होती तेवढी. दोन पावलं मागे जाऊन, एक डोळा मिटून, डबा सरळ आहे ना ते पाहिलं.

"आई, आता हलू नकोस हं. मला ऐकू येत नाही."

"नाही हलत," आई म्हणाली.