बियाण्याचा दुधी

गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आषाढात लेकीकडे गेलेली द्वारका पौषात परतली आणि तडक परसात गेली. वांगी वाळून गेली होती, मिरच्या शेळ्यांनी खाल्ल्या होत्या. त्याचं तिला काही वाटलं नाही, ते पुन्हा लावता येतं. आईकडून आलेलं दुधीचं बी मात्र ती सगळंच पेरून गेली होती. ते आता संपलं, असं ती धरूनच चालली होती.

तिनं कुंपणावरची सुकलेली वेल ओढली, तसा पाचोळ्याआडून एक वाळका दुधी पुढं आला. देठाला हिरवी चिंधी बांधलेली होती. बियाण्यासाठी राखलेल्या फळाला अशी चिंधी बांधली, की गावात त्याला कुणी हात लावत नाही. ही चिंधी थोरल्या जाऊबाईंच्या लुगड्याची होती. हे कुंपण घातलं तेव्हापासून दोघी बोलत नव्हत्या.

पलीकडे जाऊबाई धुणं वाळत घालत होत्या. वळूनही न बघता त्या म्हणाल्या, "तुझ्यासाठी नाही बांधली. बियाण्यासाठी बांधली."

द्वारकेनं दुधी कानाशी धरून हलवला. आत बिया खुळखुळल्या.

"मग चहापण बियाण्यासाठीच टाकते," ती म्हणाली. "या, जाऊबाई."