डांबरी सडकेसारखा बर्फ

"कोणी खरं मानणार नाही, पण बर्फावर पाऊस पडून गोठला का तो डांबरी सडकेसारखा पक्का होते. त्याच्यावरून धावत डोंगर उतरलो मी!" फौजेतून रिटायर झालेले धर्मपाल बाभुळगावच्या चहाटपरीवर वीस वर्षं हेच सांगत आले होते. त्यांची लेक मैत्रेयी ते ऐकतच मोठी झाली.

आज टपरीवर असतानाच तिचा काश्मीरहून फोन आला. "बाबा, स्कीइंगले आलो आम्ही. परवा बर्फावर पाऊस पडून गोठला, अन् राती त्याच्यावर फूटभर नवा बर्फ पडला. गाइड म्हणते, खालचा थर गुळगुळीत हाय, वरचा सारा घसरून अंगावर येईन. तो खालीच थांबला, आम्ही डोंगरावर आलो. मी म्हटलं, माह्या बाबाले जास्त समजते."

धर्मपाल ताडकन उठले. भोवती नेहमीचे ऐकणारे बसलेले होते, तरी ते सगळ्यांदेखत ओरडले, "थांब पोरी! म्या बर्फ कधी पाह्यलाच नाही. सारी नोकरी जैसलमेरच्या वाळूत गेली माही. गाइडचं ऐक!"

"चला रे, उतरायले लागा!" मैत्रेयीनं मित्रांना हाक दिली आणि फोनवर खदखदून हसली.

"मले अडवाले म्हणता, बर्फ पाह्यलाच नाही? जिंदगीत पह्यल्यांदा तुमचं खोटं पकडलं मी, बाबा!"