चौथी शीर

रेशीमअळ्यांच्या शेडमध्ये माशी दिसताच बाबांनी लेकीला फोटो धाडला. फोटोवरून माश्या ओळखणं ही तिची नोकरी. पंखातली चौथी शीर सरळ काठापर्यंत गेली तर माशी निरुपद्रवी. कोपरासारखी वाकली तर अळ्यांवर अंडी घालणारी, म्हणजे अख्खी बॅच जाळायची. यंदाच्या दोन तशाच गेल्या होत्या. फोटो हललेला होता. "बाबा, परत काढा." "हात थरथरतो गं!" दुसऱ्या फोटोत तिला कोपर दिसलं, न दिसल्यासारखं करून ती म्हणाली, "अजून एक पाठवा." तिसऱ्यात माशी कागदावर टाचणीने टोचलेली, पंख पसरलेला, शीर न् शीर मोजून घ्यावी अशी. पाठोपाठ बाबांचा फोन आला. "श्वास रोखून काढलाय, आता काय बिशाद हलायची! परवा अळ्या कोषावर येतील. कसा आलाय फोटो?" तिची नजर कोपरावरच होती. "छान आलाय, बाबा. अगदी स्पष्ट."