नऊ गैरहजर

पडद्यावर नवव्या नावापुढे 'गैरहजर' उमटलं आणि प्रियदर्शिनीने हातातला चहा खाली ठेवला.

"मॅडम, साडेअकरालाच एक्केचाळीस प्रकरणं पुकारून झाली," शेजारी बसलेला मिथुन खुशीत होता. "एरवी दुपार व्हायची."

प्रियदर्शिनी जिल्ह्यातल्या न्यायालयांच्या संगणक विभागाची प्रमुख, मिथुन तिच्या हाताखालचा. आज त्यांच्या यंत्राचा पहिला दिवस होता. शिपायाने दारात उभं राहून नाव पुकारायचं, ते आजपासून बंद. नाव पडद्यावर यायचं, स्पीकर तीनदा पुकारायचा, आणि दोन मिनिटांत कोणी पुढे आलं नाही तर यंत्र आपणहून गैरहजेरी मांडायचं.

"या कोर्टात रोज किती गैरहजर असतात?" तिने विचारलं.

"दोन. फार तर तीन."

"मग आज नऊ?"

"आले नसतील लोक."

"आज सणवार नाही, भातलावणी नाही. सहा-सात माणसं जास्तीची कुठे गेली? आकडा काहीतरी सांगतोय, मिथुन." ती उठली.

दाराशी बाकड्यावर भिका बसला होता. बावीस वर्षं याच दारात नावं पुकारलेला शिपाई. आज आपल्याच घरी पाहुणा आल्यासारखा, हात मांडीवर ठेवून.

"भिकाकाका, ही नऊ माणसं कुठे असतील?"

"खाली," भिका म्हणाला. "मागच्या ओट्यावर."

"माहीत होतं तर बोलला का नाहीत?"

"आजपासून पुकार करायची नाय, असा कागद मला वाचून दाखवला ना सकाळी. तुमच्याच सहीचा."

प्रियदर्शिनी जिन्याकडे निघाली. भिका मागोमाग.

ओट्यावर सात माणसं बसली होती. कडेला मासवण गावाकडची एक म्हातारी, मांडीवर कागदांची पिशवी घेऊन. ठमी तिचं नाव. शेजाऱ्याने तिच्या अर्ध्या वावराला तारेचं कुंपण घातलं होतं आणि तिचा दावा तीन वर्षं चालू होता. वकील मिळाला होता, पण तो दुसऱ्या कोर्टात गुंतलेला.

"ठमीबाई, वर तुमचं नाव पुकारलं. ऐकू आलं नाही?"

"वर कोन तरी बोलत व्हतं, टीवीवानी. आमाला काय ठावं आमालाच बोलवत हाय." मग ती भिकाकडे बघून म्हणाली, "पयल्या तारखेला तूच सांगलं व्हतं ना, मी बोलवाय येतो, तवर हालू नको. मी नाय हालले. तू आला नाय."



वर ठमीच्या दाव्यात न्यायाधीशांचा आदेश टाइप होऊन तयार होता. वादी गैरहजर, सबब दावा काढून टाकण्यात येत आहे. सही तेवढी बाकी. समोरच्या बाजूचे चंद्रभान वकील कागद गोळा करत होते.

प्रियदर्शिनी सरळ पुढे जाऊन उभी राहिली. "साहेब, सही थांबवावी अशी विनंती आहे. नऊपैकी सात जण गैरहजर नाहीत. खाली बसून आहेत सकाळपासून."

"पुकार झाली आहे, मॅडम," चंद्रभान वकील हसले. "तीनदा झाली. तुमच्याच यंत्रात नोंद आहे. आमचा पक्षकार बरा वेळेत वर आला."

"पुकार झाली, वकीलसाहेब. पोचली नाही."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "आणि मी कारण काय लिहू?"

"यंत्राची मांडणी चुकली, असं लिहावं. जबाबदार म्हणून माझं नाव."

"पहिल्याच दिवशी? पुढच्या आठवड्यात वरून माणसं येणार आहेत हे बघायला. त्यांच्या हाती हा कागद पडेल."

"पडू दे, साहेब. म्हणजे बाकीच्या जिल्ह्यांत तरी ही चूक होणार नाही."

न्यायाधीशांनी लेखनिकाला आदेश पुसायला सांगितला आणि सातही प्रकरणं पुन्हा पुकारायला लावली. भिका एव्हाना खाली उतरलाही होता. ठमी वर आली, तिने पिशवी दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली आणि कोणी विचारायच्या आधीच म्हणाली, "हाय मी."

चंद्रभान वकिलांना पुढची तारीख घ्यावी लागली. जाता जाता ते म्हणाले, "मग काढा आता तो पडदा. होतं तेच काय वाईट होतं?"

"पडदा राहणार," प्रियदर्शिनी म्हणाली. "पडद्यात खोट नाही. आम्ही विचारायला कमी पडलो."

जेवणाच्या सुट्टीत तिने भिकाला आपल्या खोलीत बोलावून स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. तो नको नको म्हणत टोकावर टेकला. यंत्र बांधायच्या आधी भरलेला तक्ता मिथुनने उघडला. भिकाच्या नावापुढे एकच ओळ होती. शिपायाचे काम, नाव पुकारणे. प्रियदर्शिनीने ती पुसून टाकली.

"काका, सकाळी आल्यापासून काय काय करता ते पहिल्यापासून सांगा. काही सोडू नका."



"पयलं म्हंजे, ओट्याखालच्या चपला मोजायच्या," भिका म्हणाला. "मानूस पानी प्यायला जातो, झाडामागं जातो. चपला जागेवर ऱ्हातात. जेवढे जोड, तेवढी मानसं खालीच ऱ्हायलेली, वर यायला भितात. तेवढ्यांना बोलवाय मी खाली उतरायचं."

मिथुनची बोटं थांबली. त्याने मॅडमकडे बघितलं.

"लिही," ती म्हणाली. "क्रमांक एक."