बनाबाईनं घेतलेलं नाव

"पूर्ण नाव सांगा, बाई," साहेब म्हणाले, आणि बनाबाईची जीभ टाळ्याला चिकटली.

आता आली का पंचाईत! आठवडाभर तिनं मनात बोलणं घोळवलं होतं. बिरोबाच्या देवळापुढं मांडव, वाडीचं म्हणणं लिहून घ्यायला पुण्याहून आलेले पवनचक्कीवाले साहेब, सतरंजीवर अख्खी वाडी, सगळं तिनं आधीच डोळ्यांपुढं आणून ठेवलं होतं. काय सांगायचं तेही पाठ होतं. पण साहेब आधी नाव विचारतील आणि नावाच्या मधोमध नवरा बसलेला असेल, हे काही तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

बाईनं नवऱ्याचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही, ही लोणी भापकर गावाला लागून असलेल्या त्या वाडीची रीत. रेशनच्या दुकानातसुद्धा बायका शेजारणीला पुढं करून नाव सांगायच्या. आणि इथं तर नवरा समोरच खुर्चीत बसलेला. मोहनराव, वाडीचे सरपंच!

माळावर पवनचक्क्या याव्यात असं वाडीला मनापासून वाटत होतं. वारा काय, फुकटच वाहतोय. त्यातनं चार पोरांना काम लागलं तर बिघडलं कुठं? बनाबाईचंही त्याला नाही म्हणणं नव्हतं. तिचं दुखणं रस्त्याचं होतं. खांब आणि पाती घेऊन येणाऱ्या लांबलचक गाड्या माळावर चढवायला वाट एकच, आणि ती पाझर तलावाचा बांध फोडूनच जाते, असं मोहनरावांनी साहेबांना छातीठोक सांगितलं होतं. साफ खोटं! दुसरी वाट होती. ती मोहनरावांच्या डाळिंबाच्या मळ्यातून जात होती. वाडीला हे ठाऊक होतं, पण सरपंचाच्या तोंडावर बोलणार कोण?

डाळिंब म्हणजे मोहनरावांचा जीव. मेंढरं विकून त्यांनी ते लावलं होतं, गेल्या साली ठिबक केलं होतं. पण तळं बायकांचं होतं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून, डोक्यावर माती वाहून त्यांनीच ते बांधलं होतं. बनाबाईचा तान्हा अजित त्या बांधावरच झोळीत झोपायचा. तळं फुटलं की खालच्या विहिरी उन्हाळ्यात कोरड्या पडणार आणि बायकांच्या डोक्यावर पुन्हा हंडे चढणार. घरात तिनं नवऱ्याला सांगून पाहिलं. "तुला काय कळतंय त्यातलं?" म्हणून त्यांनी पांघरूण ओढून घेतलं.

"घाबरू नका, बाई," साहेब पुन्हा म्हणाले. "नावाशिवाय तुमचं म्हणणं लिहून घेता येत नाही."



"कशाला तिला तरास देताय, सायेब?" मोहनराव खुर्चीतून म्हणाले. "आमच्या बायकांची काय बी हरकत न्हाय. लिवा तसं."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. एकदा लिहिलं की संपलं, तळं गेलंच म्हणायचं.

तेवढ्यात मागून कुणीतरी टारगट ओरडला, "अवो, नाव असं कसं घेतील वैनी? उखाण्यात घ्या की!"

"घ्या, घ्या!" मांडवभर एकच हशा उसळला. मोहनरावही हसले. बायको नाव घेणार म्हटल्यावर कुठल्या नवऱ्याला गुदगुल्या होत नाहीत? त्यांनी फेटा सारखा केला, पाय लांब केले आणि म्हणाले, "घे गं, घे. लाजतीस कशाला? मला बी ऐकू दे."

बनाबाईनं डोईवरचा पदर सावरला. घसा खाकरला. मग खणखणीत आवाजात नाव घेतलं:

"पाटी पाटी माती वाहिली, तळ्याचा लागला लळा,
मोहनरावांचं नाव घेते, रस्त्याला देत्यात डाळिंबाचा मळा!"

मग बायकांच्या बाजूनं टाळ्यांचा असा कडकडाट उठला की देवळावरचे कावळे उडाले. मोहनरावांनी लांब केलेले पाय आखडून घेतले. आता करतात काय बिचारे? देत नाही म्हणावं, तर बिरोबाच्या दारात बायकोनं घेतलेलं नाव खोटं पडतंय. असं वाडीत आजवर कुणी केलं नव्हतं, आणि करणाऱ्याला सोयऱ्याधायऱ्यांनी उंबऱ्याशीसुद्धा उभं केलं नसतं.

"म्हणजे दुसरी वाट आहे, सरपंच?" साहेबांनी विचारलं.

मोहनरावांनी बायकोकडं पाहिलं. रागानंच बघणार होते. पण ती अशी ताठ उभी होती, आणि तिच्या तोंडचं स्वतःचं नाव अजून त्यांच्या कानांत घुमत होतं. लग्नातल्या हळदीनंतर ते त्यांनी आज पहिल्यांदा ऐकलं होतं. लई गोड वाटलं त्यांना, खोटं कशाला बोला.

"हाय," ते म्हणाले. "मळ्यातनं हाय. दिली मी. लिवा." मग हळूच बायकोला म्हणाले, "अगं, घरात सांगायचं हुतंस की!"

"घरात सांगितलं तवा तुमी घोरत हुता," बनाबाई म्हणाली.

साहेबांना ही तऱ्हा भलतीच आवडली. हसून त्यांनी कोरा कागद पुढं ओढला. "छान! आता बाकीच्या भगिनींनीही असंच एकेकीनं नाव घेऊन आपापलं म्हणणं सांगावं."

तशी बायकांची अख्खी रांग पदर खोचून उभी राहिली, आणि बाप्यांच्या बाजूला चपला शोधायची एकच धांदल उडाली.